चेतकचे इंजिन घरी उघडताना: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बजाजचा पियाजिओबरोबरचा परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये व्हेस्पा स्प्रिंटच्या धर्तीवरची चेतक बाजारात आली. पुढची तीसेक वर्षे मध्यमवर्गीय घराचा सगळा संसार या स्कूटरने वाहिला. आज 'चेतक' म्हटले की नव्या पिढीला विजेवरची स्कूटर आठवते, पण जुनी टू-स्ट्रोक चेतक अजून कितीतरी वाड्यांत, सोसायट्यांच्या जिन्याखाली, गावच्या पडवीत उभी आहे. तिचे इंजिन घरच्या घरी उघडून पुन्हा नीट उभे करता येते, आणि ज्याच्या हाताला अशा कामाची ओढ आहे त्याने ते जरूर करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण एकच. या इंजिनाभोवती ऐकीव गोष्टींचा मोठा गुंता आहे. त्यातल्या काही गोष्टी खऱ्या अनुभवातून आलेल्या आहेत, पण सांगता सांगता त्यांचे कारण गळून गेले आणि नुसता नियम उरला. कारण माहीत नसलेला नियम चुकीच्या जागी लावला, की नवा पिस्टनसुद्धा महिन्याभरात जातो.

'घरी उघडलेले इंजिन पुन्हा धड चालत नाही'

हे इंजिन मुळात साधे आहे. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही, रेडिएटर नाही. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७ मिलिमीटर, क्षमता १४५.४५ घनसेंटिमीटर. बरेचसे नट ११ नंबरच्या पान्याने सुटतात. फ्लायव्हील काढायचा पुलर आणि क्लचचा खास पाना सोडला, तर घरातल्या हत्यारांवर बहुतेक काम होते.

पण सगळेच घरी करायचा हट्टही धरू नये. ब्लॉकचे बोअरिंग, क्रँक प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग रॉड बसवणे आणि गेलेले आटे दुरुस्त करणे ही तीन कामे लेथवाल्याची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात नाना पेठेच्या आसपास ही कामे पिढ्यान्‌पिढ्या करणारे कारागीर आहेत. घरच्या माणसाने उघडणे, धुणे, मोजणे, जुळवणे आणि बसवणे एवढे नीट केले तरी तो निम्म्याहून अधिक गड जिंकतो. यातले मोजणे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच टाळले जाते.

'किक बसत नाही, म्हणजे इंजिन संपले'

अनेक वर्षे उभ्या असलेल्या स्कूटरचे इंजिन जाम असते ते बहुधा गंजामुळे. पिस्टनच्या रिंगा ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकही ओतीव लोखंडाचा. पावसाळी दमट हवा एक्झॉस्टच्या वाटेने आत शिरते आणि रिंगा भिंतीला धरतात. अशा वेळी किकवर उभे राहून जोर लावला किंवा गिअरमध्ये टाकून स्कूटर ढकलली, तर किकचे दाते नाहीतर रिंगा तुटतात. प्लग काढावा, आत डिझेल आणि थोडे ऑइल ओतावे, दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. मग फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवून पाहावे. हलले तरी लगेच सुरू करू नये. हेड आणि ब्लॉक काढून भिंत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किक मारणे म्हणजे गंजाचा भुगा थेट बेअरिंगमध्ये पाठवणे. या इंजिनात इंधन क्रँककेसमधूनच वर जाते, आणि क्रँकचे पातेच इंधनाची वाट उघडते आणि झाकते. पात्याला लागून असलेली केसवरची पट्टी कचऱ्याने ओरखडली, तर पिस्टन कितीही नवा घाला, सुरू व्हायला त्रास होतोच.

'पॉलिश पेपर मारून नव्या रिंगा टाका, झाले'

ब्लॉक-पिस्टनच्या, म्हणजे 'हाफ इंजिन'च्या कामात सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

ब्लॉकची भिंत सगळीकडे सारखी झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून उलटी फिरते, तिथे झीज जास्त होते. शिवाय पिस्टन ज्या दोन बाजूंना रेटला जातो त्या बाजूंना भिंत जास्त खाल्ली जाते. म्हणजे गोल बोअर थोडा लंबगोल होतो आणि वरून खाली निमुळता होत जातो. पॉलिश पेपरने भिंत चकचकीत होते, आकार मात्र तोच राहतो. नवी रिंग लंबगोल भोकात बसली, की तिच्या दोन बाजूंनी दाब निसटतो. महिनाभर बरे वाटते, मग पुन्हा तेच.

म्हणून बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा असा सहा जागी मोजायचा. बोअर गेज नसेल तर लेथवाल्याकडे नेऊन मोजून घ्यावा, त्यात कमीपणा नाही. रिंगेची फट पाहणे मात्र घरी सहज जमते. नुसती रिंग ब्लॉकमध्ये पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. एवढ्या बोअरला ती साधारण ०.२ ते ०.३५ मिलिमीटर हवी. हीच रिंग वर आणि खाली दोन्हीकडे ठेवून मोजली, की ब्लॉक किती निमुळता झाला तेही कळते.

झीज जास्त निघाली तर बोअरिंग करायचे. इथे दुसरा गैरसमज पुढे येतो: बोअर केलेला ब्लॉक कमकुवत, त्यात पहिला दम नाही. ओव्हरसाइझ पिस्टन याच कामासाठी बनतात. आपल्या बाजारात ते साधारण पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात, आणि ब्लॉकची भिंत तेवढा भार सोसण्याइतकी जाड असते. उलट बोअर केल्याने गाडी फार पळते असे मानणारेही आहेत. हिशेब करून पाहा. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला तर क्षमता १४५.४५ वरून १४८ घनसेंटिमीटरच्या आसपास जाते, दोन टक्क्यांहूनही कमी वाढ. बोअरिंगनंतर जी ताकद जाणवते, ती निसटणारा दाब थांबल्यामुळे.

एक नियम पक्का: आधी पिस्टन विकत घ्यायचा, तो लेथवाल्याच्या हातात द्यायचा आणि त्या पिस्टनवरून बोअर करून घ्यायचा. अमुक साइझ करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो, असे कधी सांगू नये. एकाच साइझच्या दोन पिस्टनांतही शतांश मिलिमीटरचा फरक असू शकतो.

आणि फट किती ठेवायची, याबाबत 'घट्ट तेवढे चांगले' हा समज तर इंजिनाच्या जिवावर उठणारा आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक लोखंडाचा, आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ५७ मिलिमीटरचा पिस्टन दीडशे अंशांनी तापला तर जवळजवळ ०.२ मिलिमीटर वाढतो. तेवढाच तापलेला लोखंडी बोअर मात्र ०.१ मिलिमीटरही वाढत नाही. प्रत्यक्षात पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्तच तापतो. थंड असताना हाताला छान घट्ट लागणारा पिस्टन चढावर ब्लॉकला चिकटतो, तो यामुळेच. पिस्टन बनवणाऱ्याने दिलेली फट हीच खरी. लेथवाल्यालाही ती आकड्यात सांगावी, 'जरा टाइट ठेवा' असे मोघम सांगू नये.

बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची टोके आपापल्या पिनांवर, आणि गजन पिनच्या सर्क्लिप नेहमी नव्या. जुनी सर्क्लिप वाचवून काहीच हाती लागत नाही. ती निसटली तर ब्लॉकवर उभी चर पडते आणि पिस्टनसह सगळेच काम पुन्हा करावे लागते.

'रॉड हलतो, म्हणजे क्रँक गेला'

ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकतो, हे पाहून अनेकजण चांगला क्रँक बदलतात. तो थोडा आडवा खेळ मुद्दाम ठेवलेला असतो. तपासायचे ते वर-खाली. पिस्टन सर्वांत वर असताना रॉड धरून सरळ वर-खाली ओढून ढकलावा. कट् असा जराही ठोका हाताला जाणवला तर बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे बेअरिंग गेले असे समजावे, मग क्रँक प्रेसवर न्यावाच लागतो. नवा रॉड बसल्यावर क्रँक दोन टोकांवर धरून, डायल गेज लावून सरळ केला आहे ना, हे विचारून घ्यावे. सरळ न केलेला क्रँक नवी बेअरिंगही लवकर खातो.

'धूर येतो, म्हणजे रिंगा गेल्या'

फोर-स्ट्रोकच्या सवयीतून आलेला हा समज टू-स्ट्रोकला सरसकट लावता येत नाही. चेतकमध्ये क्रँकच्या दोन बाजूंना दोन ऑइल सील असतात, आणि माझ्या मते या इंजिनातले सर्वांत दुर्लक्षित भाग तेच आहेत. क्लचच्या बाजूचा सील गेला, तर क्रँककेस गिअरबॉक्समधले ऑइल ओढून घेते. पेट्रोलमध्ये ऑइलचे प्रमाण बरोबर असूनही दाट पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइल कुठेही गळत नसताना कमी होत जाते. अशा गाडीचा पिस्टन कितीदा बदलला तरी धूर तसाच राहतो.

फ्लायव्हीलच्या बाजूचा सील गेला तर धूर येत नाही, पण धोका मोठा. त्या वाटेने जास्तीची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि त्याबरोबर येणारे ऑइल दोन्ही कमी पडतात, पिस्टन तापतो आणि सीझ होतो. याची पूर्वसूचना मिळते. गाडी गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन उतरत नाही. हे दिसले, की कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसू नये, सील पाहावा. वापर नसलेल्या स्कूटरचे सील न वापरताच कडक होतात. म्हणून दहा वर्षे उभ्या इंजिनाचे दोन्ही सील न विचारता बदलावेत. अख्ख्या कामात सर्वांत स्वस्त वस्तू याच.

इंजिन जुळवल्यावर ते हवाबंद झाले की नाही हे घरी तपासता येते, आणि त्यासाठी रक्तदाब मोजायचे डायलवाले जुने यंत्र उत्तम. कार्बोरेटरची आणि एक्झॉस्टची तोंडे रबर लावून पट्टीने बंद करायची, प्लगच्या भोकातून नळी जोडायची आणि फुग्याने सावकाश हवा भरायची. डायलवरचे ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, या कामाला तेवढे पुरते. काटा काही मिनिटे जागचा हलला नाही तर काम चांगले झाले. घसरला तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे, बुडबुडे जागा दाखवतात. एवढी तपासणी केलेले इंजिन हवा ओढून सीझ होण्याची भीती फार कमी उरते.

पॅकिंगऐवजी भरपूर सिलिकॉन लावण्याची पद्धतही इथेच निकालात काढतो. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते आणि सुटते, बाहेर जेवढे आलेले दिसते तेवढेच आतही आलेले असते. केसचे दोन भाग स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले की पृष्ठभागावर चर पडते, आणि मग ती सिलिकॉनने भरावीशी वाटते. केस थोडी गरम करून, लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने हलके ठोकत वेगळी करावी. बेअरिंगही केस साधारण शंभर अंशांपर्यंत गरम केली की फारसा जोर न लावता बसतात.

'पत्रा काढून टाकला की इंजिन थंड राहते'

ब्लॉकवरचा पत्र्याचा काउल काढून फिरणाऱ्या स्कूटर मी पाहतो तेव्हा मला त्या इंजिनाची खरोखर काळजी वाटते. मोटरसायकलच्या इंजिनावर समोरून वारा येतो. चेतकचे इंजिन मागच्या चाकाशेजारी, पॅनेलच्या आत. तिथे वारा पोहोचतच नाही. म्हणून फ्लायव्हीललाच पंखा आहे आणि त्याची हवा ब्लॉकच्या पात्यांमधून नेण्याचे काम काउल करतो. तो नसेल तर हवा वाट फुटेल तिकडे जाते. इंजिन उघडले असताना या पात्यांमधला चिखल आणि तेलाची खरड काढावी, आणि काउल सगळ्या स्क्रूंसह परत लावावा.

'जुन्या गाडीला ऑइल जरा जास्तच घालावे'

या इंजिनाला पेट्रोलच्या दोन टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी ऑइल पुरते. जास्त ऑइल घातल्याने जास्त संरक्षण मिळते असे वाटते, पण कार्बोरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढले की पेट्रोल तेवढे घटते. मिश्रण पातळ होते, वर प्लग काळा पडतो आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साठतो. कार्बनने कोंडलेल्या सायलेन्सरची गाडी सुरू होते, जागेवर चालते, पण चढावर ओढत नाही. तिचा पिस्टन गेला असे समजून इंजिन उघडणारे कितीतरी आहेत. आधी सायलेन्सर काढून पाहावा.

शिशाविना पेट्रोल जुन्या इंजिनाला चालत नाही, हाही एक समज. देशात शिसेमिश्रित पेट्रोल २००० सालीच बंद झाले. शिशाचा उपयोग व्हॉल्व्हच्या सीटना होत असे, आणि चेतकला व्हॉल्व्हच नाहीत. कॉम्प्रेशनही कमी असल्याने महागड्या हाय ऑक्टेन पेट्रोलचीही तिला गरज नाही.

इथेनॉलची काळजी मात्र खरी आहे. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले बरेच आपल्याच साखर कारखान्यांतून येते. पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्या जेटवर हेच इंजिन थोडे पातळ मिश्रण जाळते. मेन जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग पाहावा, पांढुरका नको, तपकिरी हवा. जेट साफ करायला तार कधी घालू नये, भोक मोठे होते आणि मग कोणत्या नंबरचा जेट आहे तेच कळत नाही. फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवा पुरे. पेट्रोलची जुनी रबरी नळी इथेनॉलने मऊ पडते, ती बदलावी. इथेनॉल हवेतली ओल शोषते, म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावे.

'वाकवल्याशिवाय चेतक सुरू होत नाही'

सकाळी स्कूटर एका बाजूला वाकवून मग किक मारणे हे दृश्य महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. वाकवल्याने कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी बदलते आणि सुरुवातीचे मिश्रण जरा दाट होते, म्हणजेच चोकचे काम होते. ही गाडीची खोड नव्हे, तक्रार आहे. चोकची केबल, फ्लोटची सुई, पॉईंटची फट, कमी झालेले कॉम्प्रेशन, यांपैकी काहीतरी लक्ष मागते आहे. पॉईंटची फट ०.३ ते ०.५ आणि प्लगची ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवून पाहावी. नीट बांधलेली चेतक सरळ उभी असताना, चोक ओढून दोन-तीन किकमध्ये सुरू होते.

'नवे इंजिन हजार किलोमीटर तीसच्या वेगाने चालवा'

हळू चालवणे आणि हलके चालवणे यांत फरक आहे. चौथ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने कण्हत चढणारे इंजिन कमी फेऱ्यांवर मोठा भार सोसत असते. रिन्यू केलेल्या इंजिनासाठी ते वाईटच. रिंगा भिंतीशी जुळतात त्या मागून दाबणाऱ्या वायूच्या जोरावर, त्यासाठी मध्यम आणि बदलता भार हवा. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये पूर्ण रेस देऊ नये, गिअर वेळेवर खाली टाकावा, एकाच वेगाने लांब जाऊ नये आणि मध्ये थांबून गाडी थंड होऊ द्यावी. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने पुन्हा पाहावेत, गरम असताना नव्हे.

घाट उतरतानाची एक गोष्ट टू-स्ट्रोक चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. या इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळते. दिवे घाट किंवा खंबाटकी उतरताना गाडी गिअरमध्ये आणि ॲक्सिलरेटर पूर्ण बंद असेल, तर इंजिन जोरात फिरत असते पण त्याला ऑइल जवळजवळ मिळत नाही. अधूनमधून थोडी रेस द्यावी.

'इंजिन उघडले की आरटीओची परवानगी लागते'

पिस्टन, क्रँक, बेअरिंग बदलल्याने नोंदणीत काही बदलत नाही. पण इंजिन नंबर केसवर कोरलेला असतो. केसच बदलली किंवा दुसरे इंजिन बसवले तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावीच लागते. साफ करताना त्या नंबरावर फाइल किंवा तारेचा ब्रश चालवू नये, कारण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी अधिकारी तोच नंबर पाहतात.

काम संपल्यावर एका कागदावर बोअरची साइझ, पिस्टनची फट, सील आणि बेअरिंग बदलल्याची तारीख, जेटचा नंबर लिहा आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवा. पुढच्या वेळी हे इंजिन जो कोणी उघडेल, तुम्ही, तुमची मुलगी किंवा कोपऱ्यावरचे मेस्त्री, त्याला अंदाजाने सुरुवात करावी लागणार नाही.